कामगाराच्या श्वासात नेमकं किती जातं? कारखान्यातल्या घातक द्रव्यांच्या मोजमापाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, चिंचवड, चाकण, रांजणगाव, कुरकुंभ या पट्ट्यातल्या कारखान्यांत हवेचं मोजमाप करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे घेतले आहेत. विचारणारे कधी सेफ्टी ऑफिसर असतात, कधी दहा-बारा माणसांच्या युनिटचे मालक, तर कधी हवेचं सॅम्पल ओढणारा छोटा पंप कमरेला बांधून घेणारा कामगार. म्हणून काही उत्तरं तांत्रिक आहेत, काही नाहीत.

आमच्याकडे दरवर्षी मोजमाप होतं, रिपोर्ट फाइलला लावलेले आहेत. ते पुरत नाहीत का?

बहुतेक वेळा नाहीत. ती फाइल एकदा उघडून बघा. चिमणीतून बाहेर काय गेलं याचा एक रिपोर्ट असेल, गेटजवळच्या हवेचा दुसरा. हे कागद महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातल्या अटींसाठी लागतात आणि त्यांचा विषय कंपाउंडबाहेरचे लोक हा आहे. पेंट बूथमध्ये गन धरून उभा असलेला माणूस त्या रिपोर्टात कुठेच नसतो. उलट चिमणीचा आकडा छान आला, की मला जरा शंका येते. एक्झॉस्ट नीट ओढत नसेल आणि वाफ शेडमध्येच राहत असेल, तरीही चिमणीचा आकडा छानच येणार.

काही फाइलींत ‘वर्क झोन’ नावाचा तिसरा रिपोर्ट असतो. शेडच्या मधोमध स्टँडवर पंप ठेवून घेतलेलं सॅम्पल. शेड सर्वसाधारण कशी आहे हे त्यातून कळतं. पण फेटलिंग करणारा, म्हणजे ओतीव भागाच्या खरबरीत कडा घासणारा, कास्टिंगवर वाकलेला असतो आणि त्याच्या नाकापासून धुळीचा उगम दीड वितीवर असतो. स्टँड तिथून वीस फूट लांब. एक्स्पोजर, म्हणजे द्रव्याशी येणारा संपर्क, शेडचं नसतं, माणसाचं असतं. या पानावरच्या जवळपास सगळ्या उत्तरांचं मूळ या एका गोष्टीत आहे.

मग मोजायचं तरी नक्की काय?

एखादा माणूस त्याच्या पाळीत श्वासावाटे किती द्रव्य आत घेतो, त्याची सरासरी किती आणि मध्ये मध्ये ते किती उसळतं. यासाठी सॅम्पल त्याच्या नाका-तोंडाभोवतीच्या साधारण 30 सेंटिमीटरच्या हवेतून घ्यायचं. व्यवहारात ते कॉलरला अडकवतात.

पंप लावायच्या आधी काय तयारी करावी?

खरं काम याच टप्प्यावर असतं आणि नेमका हाच टप्पा घाईत उरकला जातो. स्टोअरमधून खरेदीची यादी घ्या, प्रत्येक मालाचं सुरक्षा माहितीपत्रक काढा, म्हणजे ज्याला सगळे एमएसडीएस म्हणतात ते. पण तेवढ्यावर थांबू नका. सर्वांत त्रासदायक द्रव्यं बऱ्याचदा विकत आणलेलीच नसतात, ती कामात तयार होतात. वेल्डिंगचा धूर कोणी खरेदी करत नाही. ओल्या वाळूच्या साच्यात कोळशाची भुकटी असते, धातू ओतला की तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. हार्ड क्रोमच्या टाकीतून बुडबुड्यांबरोबर हेक्साव्हॅलंट क्रोमियमचे तुषार उडतात. स्टोअरच्या यादीत हा धूर, हा वायू, हे तुषार सापडणार नाहीत.

नंतर शेडमध्ये जाऊन उभं राहा. पंधरा मिनिटांची फेरी नको, निदान अर्धी पाळी. कोण कुठे उभा राहतो, वाऱ्याची दिशा काय, पेडेस्टल पंखा कामगाराच्या पाठीकडून लावलाय की समोरून, डबे उघडे आहेत का, झाडलोट कोरडी होते का, कपड्यांवरची धूळ एअर गनने उडवतात का. हे सगळं लिहून काढा. जेवणाच्या सुट्टीत काय होतं तेही बघा. शिश्याच्या कामावरचा माणूस त्याच हातांनी तंबाखू मळत असेल, तर त्याच्या पोटात जाणारं शिसं हवेच्या सॅम्पलमध्ये कधीच दिसणार नाही.

थिनरच्या ड्रमवर काहीच लिहिलेलं नसतं. मग काय धरायचं?

काहीच धरू नका, तपासून घ्या. सुटा थिनर हे एक ठरलेलं द्रव्य नसतं. एका खेपेला टोल्यूइन जास्त, दुसऱ्या खेपेला झायलीन, तिसऱ्याला आणखी काही. पुरवठादाराकडे माहितीपत्रक मागा. तो टाळाटाळ करत असेल, तर बाटलीभर नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीसाठी लॅबला पाठवा आणि बेंझीन आहे का हे मुद्दाम विचारा. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे पक्कं ठाऊक आहे. ते सापडलं, तर आधी थिनर बदला, मोजमापाचं नंतर बघू.

कुणाच्या अंगावर पंप लावायचा? सगळ्यांच्या?

नाही. एकसारखं काम, एकसारखा माल आणि एकसारखी जागा असलेल्या माणसांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटातून काहींना निवडायचं. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात हजेरीपटावरचं पद आणि हातातलं काम जुळत नाही. ‘हेल्पर’ म्हणून नोंद असलेला मुलगा दिवसभर रंग ढवळून गाळत असतो आणि त्याचा आकडा पेंटरपेक्षा जास्त येतो. म्हणून गट पदनामावरून पाडू नका, सुपरवायझरच्या शेजारी उभं राहून पाडा.

मोजमापासाठी कोणता दिवस निवडला, यावर निम्मा निकाल ठरतो. आपल्याकडे औद्योगिक पट्ट्यात गुरुवारची सुट्टी. लॅबची माणसं इतर वारी येतात, चालू उत्पादनाचं सॅम्पल घेतात आणि जातात. बूथचे फिल्टर बदलणं, टाकीतला गाळ काढणं, डक्ट साफ करणं हे सगळं गुरुवारी चालतं, आणि ते करणाऱ्या मेंटेनन्सच्या दोघा-तिघांचं एक्स्पोजर आठवड्यातलं सर्वांत जास्त असू शकतं. त्यांचा गट बहुतेक रिपोर्टांत नसतोच. दसरा-दिवाळीच्या आधी डिस्पॅचची घाई असते, ओव्हरटाइम असतो. तेव्हाचा दिवसही एकदा धरायला हवा. खंडेनवमीच्या आधी मशिनं थिनरने चकाचक पुसली जातात, तो दिवस मात्र आजवर कुणी मोजायला घेतल्याचं मला आठवत नाही.

ऋतूही बघा. डिसेंबरच्या सकाळी गारठ्यामुळे शटर अर्धं खाली असतं, मेमध्ये सगळं सताड उघडं. एकाच शेडचे दोन आकडे येतील आणि दोन्ही खरे असतील.

हा पंप असतो तरी कसा? कामगार तयार होतात का?

तळहाताएवढी बॅटरीवर चालणारी पेटी कमरेला, तिथून रबरी नळी पाठीवरून कॉलरपर्यंत. कॉलरला काय लावायचं हे द्रव्यावर ठरतं. सॉल्व्हंटच्या वाफेसाठी काचेची बारीक नळी, तिच्यात सक्रिय कोळसा पुढच्या भागात 100 मिलिग्रॅम आणि मागच्या भागात 50. फुप्फुसाच्या खोलवर जाणाऱ्या धुळीसाठी सायक्लोन, जो जाड कण खाली पाडतो आणि बारीक तेवढे फिल्टरवर पाठवतो. धातूंच्या धुरासाठी वेगळा फिल्टर.

कामगाराला सगळ्यात आधी हे सांगावं लागतं की यात कॅमेरा नाही, माइक नाही आणि तो किती वेळ काम करतो हे यातून कळत नाही. हे त्याच्या भाषेत सांगा, बहुतेक वेळा हिंदीत. नाही सांगितलं, तर पंप जेवणाच्या सुट्टीत खुंटीवर टांगलेला सापडतो, किंवा कुणीतरी चाचणी म्हणून त्यावर थेट स्प्रे मारतो. दोन्ही सॅम्पलं वाया. आपल्या अंगावरचा आकडा नंतर आपल्याला सांगितला जाणार आहे, एवढं कळलं तरी बहुतेक जण नीट सांभाळतात.

किती वेळ सॅम्पल घ्यायचं? तासभर पुरेल ना?

आठ तासांच्या मर्यादेशी तुलना करायची, तर शक्यतो पूर्ण पाळी. शिवाय ज्या कामात उसळी येते तिथे 15 मिनिटांचं वेगळं सॅम्पल.

एक उदाहरण करून बघू. पेंटर दोन तास बूथमध्ये स्प्रे करतो, तिथे टोल्यूइन 180 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 180 भाग. तीन तास टच-अप, 60 पीपीएम. तीन तास पॅकिंगजवळ, 20 पीपीएम. 360 अधिक 180 अधिक 60, म्हणजे 600, भागिले 8. सरासरी 75 पीपीएम. कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टात टोल्यूइनची आठ तासांची मर्यादा 100 आहे. रिपोर्टावर ‘मर्यादेत’ असा शिक्का बसेल. पण त्याच परिशिष्टात 15 मिनिटांची मर्यादा 150 आहे, ती दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा गाठायची नाही आणि दोन वेळांमध्ये किमान तासाभराचं अंतर हवं. हा माणूस सलग दोन तास 180 मध्ये आहे. नुसती सरासरी बघणाऱ्याला हे दिसत नाही.

आणि तासभराचं सॅम्पल कोणत्या तासाचं? पॅकिंगजवळच्या तासाचं घेतलं तर 20 येईल. असे रिपोर्ट बाजारात भरपूर आहेत.

आमच्याकडे 12 तासांच्या पाळ्या चालतात. मर्यादा तीच का?

नाही, कमी धरावी लागते. नुसता संपर्काचा वेळ वाढतो असं नाही, शरीराला ते द्रव्य बाहेर टाकायला मिळणारा वेळही घटतो. ब्रीफ आणि स्काला यांनी 1975 मध्ये दिलेलं सूत्र सोपं आहे: 8 भागिले पाळीचे तास, गुणिले (24 वजा पाळीचे तास) भागिले 16. बारा तासांना उत्तर येतं 0.5, म्हणजे मर्यादा निम्मी. टोल्यूइनचे 100 तिथे 50 होतात. वरच्या उदाहरणातला पेंटर बारा तास थांबत असेल, तर गणित पुन्हा पहिल्यापासून मांडायचं.

तीन सॉल्व्हंट आहेत, तिन्ही मर्यादेत आहेत. मग ठीक ना?

तिन्हींचा परिणाम एकाच अवयवावर होत असेल, तर बेरीज करावी लागते. प्रत्येकाचा आकडा त्याच्या मर्यादेने भागायचा आणि येणारे भाग मिळवायचे. टोल्यूइन 40, मर्यादा 100. झायलीन 35, मर्यादा 100. एथिल अॅसिटेट 120, मर्यादा 400. म्हणजे 0.40 अधिक 0.35 अधिक 0.30, एकूण 1.05. एकच्या वर गेलं, मर्यादा ओलांडली. एकेक ओळ हिरवी असलेला रिपोर्ट एकत्र वाचला की लाल निघतो तो असा.

कोणती मर्यादा धरायची? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

कायद्यापुरतं बोलायचं तर भोपाळनंतर, 1987 च्या दुरुस्तीने, कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण आलं. कलम 41-एफ आणि दुसरं परिशिष्ट त्यातलंच. 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 लागू झाली आणि 1948 चा अधिनियम तिच्यात सामावला गेला. लॅबच्या रिपोर्टांत मात्र अजून त्याच परिशिष्टाचे आकडे छापलेले दिसतात.

अडचण अशी की त्यातले बरेच आकडे जुने आहेत. एसीजीआयएच ही अमेरिकन व्यावसायिक संघटना अभ्यासानुसार आपल्या मर्यादा सुधारत असते. टोल्यूइन आपल्याकडे 100, त्यांच्याकडे 20. कार्बन मोनॉक्साइड 50 आणि 25. हायड्रोजन सल्फाइड 10 आणि 1. शिसं घनमीटरमागे 0.15 मिलिग्रॅम आणि 0.05. माझा सल्ला असा: कायद्याचा आकडा ही शेवटची भिंत समजा, नियोजन मात्र कमी आकड्यावर करा. निर्यात करणाऱ्या कंपन्यांना त्यांचे परदेशी ग्राहक तसंही तेच विचारतात.

आमची फाउंड्री आहे. वाळूची धूळ तर दिसतेच, तिचं एवढं काय?

जी दिसते तिच्यापेक्षा जी दिसत नाही तिची काळजी करा. नाकात अडकणारी जाड धूळ शिंकेबरोबर, कफाबरोबर बाहेर पडते. चार-पाच मायक्रॉनची आणि त्याहून बारीक धूळ थेट वायुकोशांपर्यंत जाते, आणि ती साध्या उजेडात दिसत नाही. तिच्यात स्फटिकरूप सिलिका असेल, तर सिलिकोसिस. त्यावर औषध नाही, काम सोडल्यावरही तो वाढू शकतो, आणि सिलिका फुप्फुसात साठलेल्या माणसाला क्षयरोगाचा धोकाही जास्त असतो. एक्स-रेवर दिसायला बऱ्याचदा दहा-दहा वर्षं लागतात. तोवर माणूस दोन-तीन फाउंड्र्या बदलून गावी गेलेला असतो, आणि हा आजार कोणत्या कारखान्याच्या नोंदीत धरायचा हा प्रश्न उरतो.

इथली मर्यादा सूत्राने काढतात आणि त्यात क्वार्ट्‌झ, म्हणजे वाळूतली स्फटिकरूप सिलिका, धरतात. दुसऱ्या परिशिष्टाप्रमाणे श्वसनीय धुळीसाठी 10 भागिले क्वार्ट्‌झची टक्केवारी अधिक 2. धुळीत 30 टक्के क्वार्ट्‌झ असेल, तर 10 भागिले 32, म्हणजे घनमीटरमागे 0.31 मिलिग्रॅम धूळ. त्यातला क्वार्ट्‌झ साधारण 0.094 मिलिग्रॅम. अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा यंत्रणेने 2016 मध्ये क्वार्ट्‌झची मर्यादा 0.05 केली, एसीजीआयएच 0.025 सांगते. म्हणजे आपल्या सूत्रात अगदी काठावर बसणारी फाउंड्री त्यांच्या हिशेबात दुप्पट ते जवळपास चौपट ठरते.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. नुसतं धुळीचं वजन करून चालत नाही, फिल्टरवर क्वार्ट्‌झ किती हे एक्स-रे डिफ्रॅक्शनसारख्या पद्धतीने काढावं लागतं. ‘एकूण धूळ’ एवढाच रकाना असलेला रिपोर्ट फाउंड्रीच्या फारसा कामाचा नाही. आणि सॅम्पल शेकआउटला (साचा फोडून कास्टिंग काढतात तिथे), फेटलिंगला, वाळूच्या प्लांटजवळ आणि भट्टीचं अस्तर फोडताना घ्या. मोल्डिंग लाइनवर सगळे घेतात, कारण तिथे उभं राहायला जागा बरी असते.

वास येत नाही, म्हणजे काही नाही, असं समजायचं का?

नाही. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. सॉल्व्हंटच्या खात्यात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला तर काहीच जाणवत नाही. बाहेरून आलेल्याचे डोळे चुरचुरतात.

आमच्याकडे गॅस डिटेक्टर आहे. तो शून्य दाखवतो.

कोणता? तो एलईएल, म्हणजे स्फोटाच्या खालच्या मर्यादेचे किती टक्के, हे दाखवणारा असेल, तर तो स्फोटाचा धोका मोजतो, आरोग्याचा नाही. टोल्यूइनची स्फोटाची खालची मर्यादा हवेत सुमारे 1.1 टक्के, म्हणजे 11,000 पीपीएम. मीटरवरचा एक टक्का म्हणजेच 110 पीपीएम. आठ तासांची मर्यादा ओलांडून गेली तरी मीटर शून्य आणि एक यांच्यात घुटमळतो. अनेक मीटरांचा अलार्म 10 टक्क्यांना वाजतो, ते झाले 1,100 पीपीएम; टोल्यूइनच्या बाबतीत जिवाला तत्काळ धोका मानली जाणारी पातळी 500 आहे. स्फोटासाठी तो मीटर हवाच. पण टाकीत माणूस उतरवायचा निर्णय फक्त त्याच्या शून्यावर घेऊ नका.

पीआयडी नावाचा मीटर पीपीएममध्ये दाखवतो आणि वाफ कुठून उसळते हे शोधायला फार उपयोगी पडतो. मात्र तो सगळ्या वाफांची गोळाबेरीज दाखवतो, त्यात बेंझीन किती हे वेगळं सांगत नाही.

एकच सॅम्पल मर्यादेत आलं. विषय संपला?

एका सॅम्पलवर काहीच संपत नाही. त्याच माणसाचा त्याच कामातला आकडा एका दिवसाहून दुसऱ्या दिवशी दुप्पट-तिप्पट होणं नेहमीचं आहे. युरोपातल्या ईएन 689 या मानकाच्या 2018 च्या आवृत्तीत एक सोपी चाळणी दिली आहे. गटातली तीन सॅम्पलं घेतली, तर तिन्ही मर्यादेच्या दहाव्या भागाच्या खाली हवीत. चार घेतली तर 15 टक्क्यांच्या खाली, पाच घेतली तर 20 टक्क्यांच्या. तसं नसेल तर आणखी सॅम्पलं आणि संख्याशास्त्र. एकही सॅम्पल मर्यादेच्या वर गेलं, तर गट नापास. मर्यादा 100 आणि आकडा 85 असताना ‘पास’ म्हणून फाइल बंद करणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

रिपोर्ट हातात आला. आधी काय बघू?

आकडा शेवटी बघा. आधी सॅम्पल कुणाच्या अंगावरचं, तो काय करत होता, किती मिनिटं, एक्झॉस्ट चालू होता का, उत्पादन नेहमीएवढं होतं का हे लिहिलंय का ते बघा. नुसतं ‘पेंट शॉप, 8 तास’ असेल, तर तो रिपोर्ट परत पाठवा. पंपाचा प्रवाह आधी आणि नंतर तपासलेला हवा. दोन्हींत 5 टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर सॅम्पल संशयास्पद. कोळशाच्या नळीच्या मागच्या भागात पुढच्याच्या 10 टक्क्यांहून जास्त द्रव्य सापडलं, तर नळी भरून वाहिली असा अर्थ, आणि खरा आकडा छापलेल्यापेक्षा मोठा. न वापरलेली कोरी नळी किंवा फिल्टर सोबत तपासला होता का, तेही विचारा.

मग ते ‘बीडीएल’, म्हणजे लॅबला मोजता येणाऱ्या किमान पातळीच्या खाली. ही तीन अक्षरं बघून सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. समजा, लॅबला फिल्टरवरची 10 मायक्रोग्रॅमच्या खालची सिलिका मोजता येत नाही. पंप मिनिटाला 1.7 लिटरने तासभर चालवला, तर हवा ओढली गेली 102 लिटर. म्हणजे घनमीटरमागे साधारण 0.098 मिलिग्रॅमपर्यंत सिलिका असली, तरी रिपोर्ट ‘बीडीएल’ म्हणणार. एसीजीआयएचच्या मर्यादेच्या जवळपास चौपट, आणि कागदावर शून्यासारखं. तोच पंप आठ तास चालवला, तर हवा 816 लिटर, आणि 0.012 पर्यंतचं दिसू लागतं. म्हणून ‘बीडीएल’ दिसलं की लगेच विचारा: किती लिटर हवा, आणि मोजता येणारं किमान किती?

त्यापेक्षा सगळ्यांचं रक्त तपासलं तर?

काही द्रव्यांसाठी ते हवंच, हवेच्या मोजमापाच्या जोडीला. शिशाचं उत्तम उदाहरण: तंबाखू-जेवणातून गेलेलं शिसंही रक्तात दिसतं. एसीजीआयएच रक्तातल्या शिशासाठी 100 मिलिलिटरमागे 20 मायक्रोग्रॅमची पातळी सांगते. ज्या द्रव्यांचं त्वचेतून शोषण होतं, उदाहरणार्थ अॅनिलीन, फिनॉल, डायमिथाइल फॉर्मअमाइड, त्यांच्या बाबतीत तर हवेचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. थिनरने हात धुणारे सगळे यातच धरा.

पण वेळ चुकली तर तपासणी फुकट जाते. टोल्यूइनसाठी लघवीचा नमुना पाळीच्या शेवटी घ्यायचा असतो. आरोग्य शिबिरात सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या नमुन्यात काही सापडणार नाही. त्यातही, टोल्यूइनपासून शरीरात बनणाऱ्या द्रव्यांपैकी हिप्युरिक आम्ल तपासलं, तर बेंझोएट घातलेली थंड पेयं आणि सॉस घोटाळा करतात, ऑर्थो-क्रेसॉल जास्त भरवशाचं. कार्बन मोनॉक्साइडमध्ये विडी-सिगरेट ओढणाऱ्यांचा आकडा मुळातच वर असतो. आणि वार्षिक तपासणीत साखर, हिमोग्लोबिन, रक्तदाब एवढंच असेल, तर तिचा या विषयाशी संबंध नाही.

आम्ही मास्क दिलेत. मग मोजायचं कशाला?

कोणता मास्क द्यायचा हे मोजल्याशिवाय कसं ठरवलं? एन-95 धूळ अडवतो, सॉल्व्हंटची वाफ त्यातून आरपार जाते. वाफेसाठी कोळशाचं कार्ट्रिज लागतं आणि ते संपतं. कधी संपणार हे हवेतल्या प्रमाणावर आहे. हाफ मास्क नीट बसला, तर साधारण दहापटीपर्यंत संरक्षण धरतात. दाढी असेल किंवा पट्टा सैल असेल, तर तेवढंही नाही. मर्यादेशी तुलना मास्कच्या बाहेरच्या हवेची करायची, आत काय असेल याचा अंदाज बांधून रिपोर्ट हिरवा करायचा नाही.

कंत्राटी कामगारांचं एक्स्पोजर कंत्राटदार बघेल ना?

नाही. कारखाने अधिनियमातल्या कामगाराच्या व्याख्येत कंत्राटदारामार्फत आलेला माणूसही होता. आणि खरं सांगायचं तर टाकी साफ करणारे, फेटलिंग करणारे, रंग ढवळणारे बहुतेक तेच असतात. त्यांना वगळून केलेलं मोजमाप म्हणजे कमी धोक्याच्या लोकांचं मोजमाप.

कामगार म्हणून मला माझा आकडा मागता येतो का?

मागा. 1948 च्या अधिनियमात कलम 41-सी प्रमाणे घातक प्रक्रियेतल्या कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी त्याला बघायला मिळायला हव्यात, आणि त्याची वैद्यकीय तपासणी कामावर घेण्याआधी, कामावर असताना आणि काम सोडल्यावरही, जास्तीत जास्त 12 महिन्यांच्या अंतराने, व्हायला हवी अशी तरतूद होती. कलम 111-ए सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क देत होतं. संहिता आल्यावर कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा अर्जात जुना क्रमांक लिहिण्यापेक्षा काय हवं ते साध्या मराठीत लिहा, तारीख घाला आणि पोच घ्या. सेफ्टी कमिटीत कामगारांचा प्रतिनिधी असेल, तर त्याच्यामार्फत. दाद लागली नाही, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं कार्यालय पुण्यात आहे.

त्रास सुरू झाला असेल आणि ईएसआयचं कार्ड असेल, तर बिबवेवाडी किंवा चिंचवडच्या ईएसआय रुग्णालयात जाताना डॉक्टरांना आपण नेमकं काय काम करतो, कशावर, किती वर्षं, हे सांगा. ‘कंपनीत आहे’ एवढ्यावर कोणताही डॉक्टर व्यवसायजन्य आजार ओळखू शकत नाही. तो सिद्ध झाला, तर ईएसआयमध्ये त्याला कामावरच्या दुखापतीसारखंच धरतात.

आमचं आठ माणसांचं युनिट आहे. एवढा खर्च परवडत नाही.

मग मोजमापाने सुरुवातच करू नका. जे उघड दिसतंय ते आधी दुरुस्त करा. थिनरच्या डब्यांना झाकणं. कोरडं झाडणं बंद, ओलं पुसणं किंवा फिल्टर असलेला व्हॅक्यूम. एअर गनने कपडे झटकणं बंद. पंखा असा, की हवा माणसाच्या बाजूने कामाकडे आणि तिथून बाहेर जाईल. अंधारात प्रखर टॉर्च लावून कडेने बघितलं, की हवेत तरंगणारी बारीक धूळ दिसते, याला काही खर्च नाही. एक्झॉस्ट ओढतो का हे बघायला उदबत्तीचा धूर चालतो, पण वेल्डिंग-ग्राइंडिंगच्या जागी. पेंट किंवा सॉल्व्हंटच्या आसपास उदबत्ती पेटवायची नाही म्हणजे नाही. बूथच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर आहे का, हे साध्या अॅनिमोमीटरने कळतं.

ब्रिटनच्या एचएसई या सरकारी सुरक्षा यंत्रणेची ‘कॉश एसेन्शियल्स’ नावाची पद्धत अशाच युनिटांसाठी आहे: माल किती घातक, किती वापरता, किती उडतो, एवढ्यावरून उपाय ठरतो. हे सगळं झाल्यावर जिथे शंका उरेल, तिथे सहा चांगली सॅम्पलं घ्या. साठ निरुपयोगी घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

लॅब निवडताना काय विचारू?

एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, आणि ती नेमक्या याच द्रव्याच्या, कामाच्या जागेच्या हवेतल्या चाचणीला आहे का. मान्यता पाण्याच्या चाचणीची आणि रिपोर्ट सिलिकाचा, असं होता कामा नये. सोबतची व्याप्ती यादी मागा. कोणत्या पद्धतीने करणार हे विचारा, उदाहरणार्थ सिलिकाला अमेरिकेच्या नायॉश संस्थेची 7500 क्रमांकाची पद्धत, टोल्यूइन-झायलीनला नायॉश 1501. सॅम्पल घ्यायला येणारा माणूस दिवसभर थांबणार का? ‘पंप लावून जातो, संध्याकाळी येतो’ म्हणणाऱ्याला नको म्हणा. सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक आरोग्याचे जाणकार आहेत, अवघड प्रश्नासाठी तिथे लिहिता येतं.

पुन्हा कधी मोजायचं?

माल बदलला, मशिन हललं, एक्झॉस्टला हात लावला, पाळीचे तास वाढले, कुणी खोकला-चक्कर-नाकातून रक्त अशी तक्रार केली, तर तेव्हा लगेच. क्रोम प्लेटिंगला नाकाच्या पडद्यावर जखम दिसली, तर दुसऱ्या दिवशी. यातलं काहीच झालं नाही, तर आधीचा आकडा मर्यादेच्या किती जवळ होता त्यावर अंतर ठरवा. निम्म्याच्या वर असेल तर वर्षभर थांबू नका.